चौरस हा आयत असतो का?

रात्रीच्या मेसमध्ये हा प्रश्न टाकून बघा. एम-थ्री एका दमात काढलेले वीरसुद्धा दोन गटांत विभागले जातील. "छे, आयताची एक बाजू लांब असते ना!" म्हणणारे बरेच निघतील. प्राथमिक शाळेत आपल्या डोक्यात चित्र बसलं, गुणधर्म बसले नाहीत, त्याचा हा परिणाम.

नेदरलँड्समधल्या पिएर व्हॅन हील आणि डिना व्हॅन हील-गेल्डॉफ या शिक्षक पती-पत्नींनी १९५७ साली या विषयावर प्रबंध लिहिले. त्यांचं म्हणणं असं की, भूमितीची समज पायरीपायरीने वाढते. पहिल्या पायरीवर मूल आकार नुसता दिसण्यावरून ओळखतं. चौरस थोडा फिरवून टोकावर उभा केला की ते म्हणतं, "ही शंकरपाळी!" दुसऱ्या पायरीवर त्याला बाजू, कोन, कर्ण दिसू लागतात. तिसऱ्या पायरीवर गुणधर्मांमधलं नातं कळतं आणि 'चौरस हा आयतच' हे पटतं. वय वाढलं म्हणून पायरी आपोआप चढली जात नाही, ती शिकवण्यातून चढावी लागते. गुरुजी तिसऱ्या पायरीवरून बोलतात, मूल पहिल्या पायरीवरून ऐकतं. मग उरते फक्त घोकंपट्टी!

गंमत म्हणजे युक्लिडच्या व्याख्येतही चौरस आयतात मोडत नव्हता. मग आपण का घालतो? सी प्लस प्लसवाल्यांना लगेच कळेल: इनहेरिटन्स! 'कर्ण एकमेकांना दुभागतात' हे समांतरभुज चौकोनासाठी एकदा सिद्ध केलं की आयत, समभुज आणि चौरस या तिघांनाही ते फुकटात मिळतं.

आता मुलांना हे शिकवायचं कसं? जाड पुठ्ठ्याच्या चार सारख्या पट्ट्या घ्या, टोकांना भोकं पाडून नट-बोल्ट लावा. चौकट मुलाच्या हातात द्या आणि दाबायला सांगा. बाजू बदलल्या का? नाही. कोन? बदलले! म्हणजे हा कायम समभुज चौकोन, आणि कोन काटकोन झाले त्या क्षणी तोच चौरस. कर्णांच्या जागी दोरा धरून मोजायला सांगा. दोन्ही कर्ण सारखे भरले की चौरस झाला. सुतार दाराची चौकट गुण्यात आहे का हे असंच दोन्ही कर्ण मोजून बघतो.

मग दोन लांब, दोन आखूड पट्ट्या द्या. सारख्या पट्ट्या समोरासमोर लावल्या तर समांतरभुज, शेजारीशेजारी लावल्या तर पतंग. पट्ट्या त्याच, घराणं वेगळं! शेवटी कोडं घाला: "माझ्या चारही बाजू सारख्या, मी कोण?" मूल म्हणेल, "चौरस." तुम्ही एवढंच विचारा, "आणखी कोणी असू शकेल?" व्याख्या सांगायची घाई करू नका. खरं शिकणं त्या विचार करण्याच्या वेळात होतं.

हीच चौकट आपल्यालाही बरंच शिकवते. ती दाबत नेली की बाजू त्याच राहतात, पण क्षेत्रफळ शून्यापर्यंत घसरतं. नुसत्या चार बाजू देऊन चौकोनाचं क्षेत्रफळ विचारणाऱ्याला भास्कराचार्यांनी लीलावतीत (११५०) पिशाच्च म्हटलंय, ते याचसाठी! एक तिरकी पट्टी ठोका, चौकट जागची हलत नाही. ट्रसमधला तिरका मेंबर हेच काम करतो.

मुद्दा फक्त चौकोनाचा नाही. "असं का?" विचारल्यावर "पाठ कर" हे उत्तर मिळालेलं मूल चौथी-पाचवीतच ठरवून टाकतं की, गणित आपलं काम नाही. तो शिक्का पुढे पुसता पुसत नाही. तेव्हा एनएसएसच्या कॅम्पला किंवा रविवारी वस्तीत शिकवायला जाल, तेव्हा खिशात चार पट्ट्या आणि चार नट-बोल्ट न्या. वर्कशॉपच्या भंगारात सहज मिळतील!