महामारीतील मृत्युसंख्या : भिलाईच्या संदर्भात नोंद, अनुमान आणि साक्ष

महामारीत किती माणसे दगावली, हा प्रश्न वरकरणी गणिताचा वाटतो. वस्तुतः तो लेखनाचाही प्रश्न आहे. मृत्यूचा आकडा सिद्ध होण्यापूर्वी कोणीतरी, कोठेतरी, विशिष्ट शब्दांत त्या मृत्यूची नोंद केलेली असावी लागते. या दृष्टीने छत्तीसगडमधील भिलाईचा परिसर अभ्यसनीय ठरतो. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या वेळी हा भाग मध्य प्रांतातील द्रुग जिल्ह्याचा ग्रामीण टापू होता. २०२०-२१ च्या कोविड महामारीच्या वेळी तेथे पोलाद कारखान्याभोवती वसलेले मोठे औद्योगिक नगर होते. नोंदीची साधने पालटली, तथापि अनुमानाची अडचण संपली नाही.

१. दर म्हणजे कोणता दर?

‘मृत्युदर’ या एका शब्दात तीन भिन्न प्रश्न दडलेले असतात. निदान झालेल्या रुग्णांपैकी किती दगावले, हा रुग्णमृत्युदर. लागण झालेल्या सर्वांपैकी किती दगावले, हा संसर्गमृत्युदर. आणि एकूण लोकसंख्येपैकी किती दगावले, हा तिसरा. समजा, १००० जणांना लागण झाली, १०० जणांचीच तपासणी झाली आणि त्यांतील २ जण मृत्यू पावले, तर पहिला दर २ टक्के येतो. तपासणीविना आणखी २ जण गेले असतील, तर दुसरा दर ०.४ टक्के होतो. म्हणजे दर अतिरंजित आणि मृत्युसंख्या अपुरी, हे दोन्ही दोष एकाच वेळी संभवतात.

छत्तीसगडमध्ये जुलै २०२१ च्या अखेरीस नोंदलेले रुग्ण सुमारे १० लाख आणि मृत्यू १३ हजारांहून अधिक होते. त्याच सुमाराच्या राष्ट्रीय रक्तद्रव सर्वेक्षणात मात्र राज्यातील ७४.६ टक्के नमुन्यांत प्रतिपिंडे आढळली. त्यांत लसीकरणाचा वाटा होता. तरीही २०११ च्या जनगणनेनुसार २.५५ कोटी वस्तीच्या राज्यात प्रत्यक्ष लागण नोंदीच्या कित्येक पट असावी, हे उघड आहे. निवडक जिल्ह्यांवर आधारलेले हे प्रमाण भिलाईसारख्या नगरास जसेच्या तसे लावताही येत नाही.

२. कोतवालाची वही आणि जनगणना

१९१८ मध्ये मध्य प्रांतातील गावांत मृत्यूची वर्दी देण्याचे काम कोतवालाकडे असे. या प्रांताला साथीची झळ विशेष तीव्रतेने पोहोचली. नोंद करणारेच आजारी पडल्याने नोंदीची व्यवस्था कोलमडली, आणि मृत्यू सर्वाधिक होत असतानाच नोंद सर्वांत क्षीण झाली. देशापुरता प्रारंभीचा सरकारी अंदाज सुमारे ६० लाखांचा होता. १९२१ च्या जनगणनेने अपेक्षित व प्रत्यक्ष लोकसंख्येतील तूट दाखविली, तेव्हा तो दुपटीवर गेला. किंग्जले डेव्हिस यांनी १९५१ मध्ये तो २ कोटींच्या जवळ नेला, तर २०१२ मधील एका अभ्यासाने सुमारे १ कोटी ३९ लाख ही संख्या मांडली. मृतांची संख्या तीच. बदलली ती ‘साथ आली नसती तर लोकसंख्या किती असती’ याविषयीची गृहीते.

३. औद्योगिक नगरातील नोंद

भिलाईत रुग्णालये आहेत, जन्ममृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा लागू आहे. तथापि त्या कायद्यानुसार मृत्यूची नोंद तो घडला त्या ठिकाणी होते. भिलाईचा रहिवासी रायपूरच्या रुग्णालयात वारला, तर त्याची नोंद रायपुरात होते. नगराचा सलग विस्तारही भिलाई, रिसाली, भिलाई-चरोदा आणि दुर्ग अशा चार महानगरपालिकांत विभागलेला आहे. शिवाय भाजक म्हणून घ्यावयाची लोकसंख्याही २०११ ची, कारण २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही. १९१८ ची तूट उघड करणारे साधन नंतरच्या महामारीने असे हिरावून घेतले.

त्यामुळे भिस्त उरते ती अतिरिक्त मृत्यूंच्या अनुमानावर. देशात नोंदलेले एकूण मृत्यू २०१९ मध्ये ७६.४ लाख, २०२० मध्ये ८१.२ लाख आणि २०२१ मध्ये १०२.२ लाख होते. ही वाढ सर्वस्वी कोविडची म्हणता येत नाही; नोंदणीतील सुधारणाही तीत मिसळलेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने दोन वर्षांसाठी सुमारे ४७ लाख अतिरिक्त मृत्यूंचा अंदाज वर्तविला. सरकारी कोविड-मृत्यू ४.८ लाख होते. भारत सरकारने या अंदाजाच्या पद्धतीस हरकत घेतली.

हा वाद केवळ तज्ज्ञांचा नव्हे. ५० हजार रुपयांच्या सानुग्रह साहाय्यासाठी मृत्यूचे कारण कोविड ठरणे आवश्यक होते. तपासणीनंतर ३० दिवसांच्या आत झालेला मृत्यू त्यात धरावा, असे नियमाने ठरले. ज्यांची तपासणीच झाली नाही, त्यांच्या कुटुंबांना ही व्याख्या दुरावली. कारणाच्या रकान्यातील एका शब्दावर वारसांचा हक्क अवलंबून राहिला.

४. साहित्याची साक्ष

निरालांच्या ‘कुल्ली भाट’ (१९३९) या कृतीत १९१८ च्या साथीची आणि स्वकीयांच्या मृत्यूची स्मृती आहे. अशा लेखनातून मृत्युदर काढता येणार नाही. जो जगला आणि ज्याला लिहिता आले, त्याचीच ती साक्ष असते. नोंदवहीप्रमाणे तिलाही वगळणुकीचे स्वतःचे नियम आहेत. परंतु नोंदवही मृताला स्थळ, दिनांक आणि कारण यांत बसविते, तर साहित्य त्याला नात्यात बसविते. रकाना कोठे रिकामा राहिला असावा, हे त्या नात्यांवरून उमगते. म्हणून तौलनिक अभ्यासकाने आकडा हा साहित्यकृतीची पार्श्वभूमी न मानता तीही एक संहिता म्हणून वाचणे, आणि तिचा लेखक कोण, तिच्यातून वगळले कोण गेले, हे विचारणे अगत्याचे ठरते.