आजीला कमोड, भिंतीला चुना

गावाकडच्या घराचा विषय फॅमिली ग्रुपवर निघाला की दोन पार्ट्या पडतात. काका म्हणतात, पाडा आणि स्लॅब टाका. तुम्ही चुलत-मावस भावंडं म्हणता, काहीही काय, कसला भारी व्हाइब आहे त्या घराला! मग कुणीतरी पिंटरेस्टवरचे फोटो टाकतं. उघड्या विटांची भिंत, पितळी दिवा, झोपाळा. आणि जिला रात्री दोनदा उठून बॅटरी घेऊन परसातल्या संडासापर्यंत जावं लागतं, ती आजी या ग्रुपवर नसतेच.

तेव्हा एक गोष्ट आधीच क्लिअर करू. जुनं घर टिकवायचं असेल तर त्यात कमोड, गीझर, धड वायरिंग आणि वाय-फाय यायलाच हवं. जिथे राहणं त्रासाचं होतं ते घर आज ना उद्या बंद पडतं. आणि बंद घराचं काय होतं, तुम्ही पाहिलंच असेल. एक कौल सरकतं, पाणी वाशांवर पडतं, वाळवी लागते, पुढच्या काही पावसाळ्यांत छप्पर खाली. त्यामुळे भांडण ‘जुनं की नवं’ याचं नाहीच. नवं नेमकं कुठे घालायचं, याचं आहे.

बहुतेक जण ते भिंतीत घालतात. घोळ तिथेच होतो.

देशावरचा वाडा घ्या. त्याचा बराचसा भार लाकडी खांब आणि तुळयांवर असतो. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. घर किती खणांचं, असं विचारायची पद्धत त्यातूनच आली. मधल्या भिंती माती-विटांच्या, वरून चुन्याचा गिलावा. कोकणात हेच काम चिरा, म्हणजे जांभा दगड करतो. हे सगळं मटेरियल ओल शोषतं आणि हवेत परत सोडतं. चुना त्या ओलीला वाट देतो, सिमेंट ती बऱ्यापैकी अडवतं. म्हणून जुन्या भिंतीला सिमेंटचं प्लास्टर केलं की पहिलं वर्ष चकाचक जातं. मग फुगे येतात, पोपडे पडतात, पांढरे क्षार दिसायला लागतात. सगळ्यात वाईट म्हणजे भिंतीत घुसलेलं तुळईचं टोक आतल्या आत कुजत जातं आणि बाहेरून काही कळत नाही.

मिस्त्री म्हणेल, ‘आता चुना कोण वापरतं?’ तर जुन्या वास्तूंची नीट दुरुस्ती करणारे सगळे वापरतात. कळीचा चुना पाण्यात विरवायचा, मुरू द्यायचा, मग वाळू आणि विटांची भुकटी घालून मळायचा. त्यात गुळाचं आणि हिरड्याचं पाणी घालायची जुनी रीत आहे. बारावीचं केमिस्ट्री आठवतंय? कॅल्शियम हायड्रॉक्साइड हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडीसारखं घट्ट होतं. भिंतीवर हेच सावकाश चालू असतं. वेळ लागतो, हाताला सवय असलेला कारागीर लागतो, खर्चही वाढतो. हे घरच्यांना आधीच सांगा.

आणि प्लीज, ‘रस्टिक लुक’साठी बाहेरच्या भिंतीचा गिलावा खरवडू नका. त्या विटा मऊ असतात, पावसात उघड्या ठेवायला केलेल्याच नसतात.

बाथरूम मातीच्या भिंतींच्या मधोमध नको, मागच्या पडवीला लागून नव्या बांधकामात घ्या. तिथे सिमेंट, टाइल्स, काय हवं ते करा. एखादा पाइप गळला तरी जुनी भिंत वाचेल. वायरिंगसाठी भिंती फोडण्यापेक्षा वरून पट्टी मारा. दिसेल थोडी, दिसू दे. पाण्याची टाकी मात्र जुन्या छपरावर अजिबात नको. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन. तिला बाजूला वेगळा स्टँड करा.

आता काकांची बाजू, कारण ती पूर्ण चुकीची नाही. ‘जुनं ते मजबूत’ हाही गैरसमजच. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं गेली, त्यांतली बहुतेक स्वतःच्याच घराखाली. जाडजूड दगडी भिंती मातीत रचलेल्या, वर मातीच्या माळवदाचं ओझं. भिंतीची आतली आणि बाहेरची बाजू एकमेकींना बांधलेलीच नव्हती. आरपार जाणारे लांब दगड बसवणं, छपराचं वजन कमी करणं, असे उपाय अशा घरांना नंतरही करता येतात. पण ते ठरवायला स्ट्रक्चरल इंजिनीअर हवा, रील्स नाहीत.

राहिला दिसण्याचा प्रश्न. नवा भाग मुद्दाम जुनाट दिसवायची काही गरज नाही. १९६४च्या व्हेनिस सनदेतही हेच तत्त्व आहे: जुन्या वास्तूत नवं काम शोभावं, पण ते नवं आहे हे ओळखू यावं. म्हणजे सागवानी खांबाशेजारी साधा लोखंडी जिना चालेल. प्लॅस्टर ऑफ पॅरिसची खोटी तुळई नाही चालणार. (वाडा पाडून त्याचा दरवाजा कॅफेत टांगणं, याला रिनोव्हेशन म्हणायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.)

घरच्यांशी बोलण्याआधी थोडा होमवर्क करा. घर शहरात असेल तर ते हेरिटेज यादीत आहे का, हे महापालिकेत विचारा. असेल तर परवानगीशिवाय हात लावता येणार नाही. टेप घेऊन खोल्या मोजा, कागदावर प्लॅन काढा. आणि भर पावसात एकदा जाऊन या. कुठलं कौल गळतंय, कुठली भिंत किती उंचीपर्यंत ओली आहे, याचे तारखेसह फोटो काढा. मिस्त्रीला आधी ते दाखवा, पिंटरेस्ट नंतर.