परतीची वाट : लेखांक ९ – नव्वद दिवसांपासून दहा वर्षांपर्यंत

या आठवड्यात ब्रिटनच्या २००८ च्या पुनर्प्रवेशबंदीच्या नियमांकडे वळायचं ठरलं होतं. ते आता पुढच्या खेपेला. मागच्या लेखांकानंतर सांगलीहून एका वाचकांचं पत्र आलं आणि त्यातल्या प्रश्नाला बगल देऊन पुढे जाणं मला पटेना. ते विचारतात, ‘डिपोर्ट केलेल्या माणसावर बंदी घालतात हे समजतं, १९१७ पासूनची ती परंपरा तुम्ही सांगितलीत. पण ज्याला कुणी पकडलं नाही, न्यायाधीशासमोर उभं केलं नाही, जो स्वतःच्या पैशाने तिकीट काढून घरी आला, त्याच्यावर अमेरिका तीन किंवा दहा वर्षांची बंदी का घालते? ही कल्पना निघाली कुठून?’

या लेखमालेतला मला सर्वांत जवळचा प्रश्न हाच आहे. त्यामुळे आजचा संपूर्ण लेखांक त्यालाच.

१९९४ पूर्वीच्या अमेरिकी कायद्यात अशा माणसासाठी ठरावीक मुदतीची बंदी नव्हतीच. डिपोर्ट झालेल्याला पाच वर्षं थांबावं लागे, गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेली असेल तर वीस. पण व्हिसाची मुदत उलटल्यावर राहिलेला आणि मग आपणहून परतलेला माणूस दुसऱ्याच दिवशी नवा अर्ज करू शके. पर्यटक व्हिसा मागायला गेला तर खिडकीमागचा अधिकारी त्याच्याकडे संशयाने बघे आणि बहुधा नकार देई, ती गोष्ट वेगळी. मात्र भावाने किंवा वडिलांनी भरलेल्या अर्जाचा नंबर लागला असेल, तर मधल्या ओव्हरस्टेमुळे इमिग्रंट व्हिसा अडत नसे. किंबहुना त्या काळी रीतच तशी होती. स्टेटस संपलेल्या माणसाला सहसा अमेरिकेत बसून ग्रीन कार्ड घेता येत नसे. तो मायदेशी यायचा, आपला माणूस असेल तर मुंबईत ब्रीच कँडीच्या लिंकन हाउसमधल्या कॉन्सुलेटमध्ये मुलाखत द्यायचा आणि व्हिसा घेऊन परत जायचा. देश सोडून येणं हाच कागद सरळ करण्याचा मार्ग होता. हे लक्षात ठेवा, कारण पुढच्या दोन वर्षांत नेमकं हेच उलटं झालं.

पहिला धक्का १९९४ चा. त्या ऑगस्टमध्ये मंजूर झालेल्या एका खर्चविषयक कायद्यात, वाणिज्य आणि न्याय खात्यांच्या पैशांच्या तरतुदींमध्ये, कलम ५०६ घातलं गेलं. त्याचे दोन भाग होते. इमिग्रेशनच्या जगात ‘दोनशे पंचेचाळीस आय’ म्हणून गाजला तो एक. स्टेटस संपलेल्या माणसाचा नंबर लागला असेल, तर त्याने नेहमीच्या फीच्या पाचपट, म्हणजे ६५० डॉलर भरावेत आणि अमेरिकेत बसूनच ग्रीन कार्ड घ्यावं. कॉन्सुलेटांवरचा भार हलका होणार होता आणि खात्याला पैसे मिळणार होते. या तरतुदीबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे.

दुसऱ्या भागाकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. माझ्या मते सांगलीच्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. तो म्हणत होता : कायदेशीर स्टेटसशिवाय अमेरिकेत राहिलेला माणूस बाहेर पडला, तर काही थोडे अपवाद सोडून, निघाल्यापासून ९० दिवस त्याला इमिग्रंट व्हिसा द्यायचा नाही. कारण हिशेबाचं होतं. ६५० डॉलर वाचवायला लोक पूर्वीसारखे विमान पकडून कॉन्सुलेट गाठतील, मग फी भरणार कोण? बाहेर तीन महिने थांबावं लागणार म्हटल्यावर नोकरीधंदा असलेला माणूस आत राहून फी भरेल. एका फीची वसुली व्हावी म्हणून घातलेली ही अट. पण तिच्यात एक नवी गोष्ट कायद्यात आली. कुणी हाकललेलं नसताना, केवळ बेकायदा राहून मग निघाला म्हणून, निघाल्याच्या दिवसापासून मोजायची सक्तीची मुदत. १९९६ च्या तीन आणि दहा वर्षांचा साचा मला या ९० दिवसांत दिसतो. मुदत वाढली, हेतू बदलला, मोजायची पद्धत तीच राहिली.

१९९६ चं राजकारण थोडक्यात सांगतो. प्रतिनिधीगृहात टेक्सासचे लमार स्मिथ आणि सिनेटमध्ये वायोमिंगचे ॲलन सिम्पसन यांनी इमिग्रेशनची विधेयकं पुढे रेटली. मार्चमध्ये एका सभागृहाने, मेमध्ये दुसऱ्याने ती मंजूर केली. वर्षभर खडाजंगी झाली ती दोन गोष्टींवर. कायदेशीर इमिग्रेशनचे आकडे कमी करायचे का, आणि कागद नसलेल्या पालकांच्या मुलांना सरकारी शाळेतून वगळण्याची मुभा राज्यांना द्यायची का. दुसरा मुद्दा गॅलेग्ली दुरुस्ती म्हणून ओळखला जातो. त्यावर राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी नकाराधिकाराचा इशारा दिला आणि अखेर ती दुरुस्ती गळाली. या गदारोळात पुनर्प्रवेशबंदीच्या कलमाच्या वाट्याला फार थोडं लक्ष आलं. नोव्हेंबरात निवडणूक होती, आधीच्या हिवाळ्यात सरकारी कामकाज ठप्प झाल्याची आठवण ताजी होती आणि आर्थिक वर्ष ३० सप्टेंबरला संपत होतं. त्याच दिवशी क्लिंटन यांनी एका अवाढव्य खर्चविधेयकावर सही केली. इमिग्रेशन कायदा त्याच्या पोटात होता.

हिशेब असा ठरला : सलग १८० दिवसांपेक्षा जास्त पण वर्षाच्या आत बेकायदा वास्तव्य करून आपणहून निघालात, तर तीन वर्षं बंदी. वर्ष किंवा त्याहून जास्त राहून निघालात, तर दहा. समर्थकांचा युक्तिवाद समजण्याजोगा होता. इमिग्रेशन खात्याच्या अंदाजानुसार ऑक्टोबर १९९६ मध्ये देशात कागद नसलेले ५० लाख लोक होते आणि त्यातले सुमारे ४१ टक्के व्हिसा घेऊन येऊन राहिलेले. सीमेवर कितीही पहारा लावला तरी विमानतळावरून शिक्का घेऊन आलेला माणूस तिथे सापडणार नाही. मग त्याला वेळेत निघायला लावायचं कसं? तर उशिराची किंमत वाढवून. त्याच कायद्याने ‘दोनशे पंचेचाळीस आय’ची फीही ६५० वरून १,००० डॉलर केली. एकीकडे निघणाऱ्याला दहा वर्षांची भीती, दुसरीकडे राहणाऱ्याला हजार डॉलरात सुटका. दोन्ही एकाच कायद्यात नांदत होत्या.

आता त्या वर्षाची दिनदर्शिका समोर धरा. बंदीसाठीचे दिवस १ एप्रिल १९९७ पासून मोजायचे ठरले, त्याआधीचा ओव्हरस्टे हिशेबात नाही. एप्रिलचे ३०, मेचे ३१, जूनचे ३०, जुलैचे ३१, ऑगस्टचे ३१, झाले १५३. वर सप्टेंबरचे २७ धरले की १८०. म्हणजे २७ सप्टेंबरपर्यंत निघालेला माणूस मोकळा, २८ ला निघालेला तीन वर्षं बाहेर. आणि ‘दोनशे पंचेचाळीस आय’ कधी संपणार होतं? ३० सप्टेंबर १९९७ ला. दोन तारखांमध्ये तीन दिवसांचं अंतर. शनिवारपर्यंत देश सोडायचा की मंगळवारपर्यंत फी भरून अर्ज टाकायचा, हा निर्णय लाखो घरांपुढे होता. ज्यांच्या अर्जाचा नंबर लागायला अजून वर्षं होती, त्यांना दुसरा पर्यायही नव्हता. नंतर काँग्रेसने मुदत थोडी थोडी वाढवली. शेवटी १४ जानेवारी १९९८ पर्यंत, आणि पुढे २००० च्या कायद्याने ३० एप्रिल २००१ पर्यंत, ज्यांच्यासाठी अर्ज दाखल झाले त्यांना सवलत मिळाली. त्यानंतरच्यांना नाही. हजार डॉलरची वाट बंद झाली, दहा वर्षांची बंदी तेवढी उरली.

मोजणीवरून आणखी एक विचारणा आली आहे. नाशिकच्या एका बाईंचा भाचा शिकायला गेला, दुसऱ्या वर्षी कॉलेज सुटलं, तीन वर्षं तसाच राहिला आणि परत आला. ‘दहा वर्षं गेली ना त्याची?’ असं त्या विचारतात. बहुधा नाही. त्याचं कारण एका छोट्या कागदात आहे. आय-९४ नावाचं पांढरं कार्ड विमानातच भरायला देत. उतरल्यावर अधिकारी त्यावर शिक्का मारून कधीपर्यंत राहायचं ती तारीख हाताने लिही आणि खालचा तुकडा पासपोर्टमध्ये स्टेपल करी. परत निघताना तो तुकडा विमान कंपनीकडे द्यायचा. २०१३ पासून विमानतळांवर हे संगणकावर होतं. पर्यटकाच्या कार्डावर तारीख असे, विद्यार्थ्याच्या कार्डावर मात्र तारखेच्या जागी ‘डी/एस’ ही दोन अक्षरं. शिक्षण चालू आहे तोवर राहा, असा त्यांचा अर्थ. ही पद्धत १९७९ मध्ये आली, १९८१ मध्ये काढली, १९८३ मध्ये परत आणली.

तारीखच नाही, तर दिवस मोजायचे कुठून? खात्याने १९९७ पासून भूमिका घेतली की, इमिग्रेशन खात्याने किंवा न्यायाधीशाने स्टेटस मोडल्याचा औपचारिक निर्णय दिला, तरच बंदीचं घड्याळ सुरू होतं. ऑगस्ट २०१८ मध्ये हे बदलायचा प्रयत्न झाला, तो नॉर्थ कॅरोलिनाच्या संघीय न्यायालयाने २०२० मध्ये कायमचा रोखला. ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारने विद्यार्थ्यांनाही ठरावीक तारीख द्यावी असा प्रस्ताव मांडला. तेव्हा भाच्याच्या कार्डावर काय आहे ते आधी बघा. स्टेटस मोडल्याचा ठपका त्याच्यावर राहतोच आणि पुढचा व्हिसा अवघड जाईल, पण तीन-दहा वर्षांचं कलम ही निराळी बाब आहे. या दोन्हींची गल्लत करून अनेक कुटुंबं विनाकारण आशा सोडून देतात.

आता सांगलीच्या पत्राचा गाभा. बंदी लागू होते ती निघाल्यावर. पर्यटक व्हिसावर येऊन दोन वर्षं जास्त राहिलेल्या माणसाने अमेरिकी नागरिकाशी लग्न केलं, तर तो तिथेच बसून ग्रीन कार्ड घेऊ शकतो, ओव्हरस्टे आड येत नाही. तोच माणूस ग्रीन कार्डाआधी, आगाऊ परवानगीशिवाय, वडिलांच्या शेवटच्या आजारपणात आठ दिवसांसाठी भारतात आला, तर दहा वर्षं गेली. माफीचा अर्ज करता येतो, पण त्यासाठी अमेरिकी किंवा ग्रीन कार्डधारक पती, पत्नी किंवा आईवडील यांचे अतोनात हाल होतील असं सिद्ध करावं लागतं. मुलांचे हाल त्या यादीत नाहीत. अमेरिकेत जन्मलेली दोन लहान मुलं मागे असतील, तरी एकट्या त्यांच्या आधारावर माफी नाही. या कलमातलं सर्वांत निर्दय वाक्य मला हेच वाटतं आणि ते बदलावं असं मी वर्षानुवर्षं म्हणत आलो आहे.

यात थोडी फट पडली ती एका भारतीय जोडप्यामुळे. ग्रीन कार्डाचा अर्ज चालू असताना, ‘ॲडव्हान्स पॅरोल’ म्हणजे परत येण्याची आगाऊ परवानगी घेऊन, म्हाताऱ्या आईवडिलांकडे बघायला ते भारतात येऊन गेले. परवानगी सरकारनेच दिलेली. तरीही परतल्यावर अर्ज फेटाळला गेला : तुम्ही देश सोडलात, दहा वर्षं बंदी. एप्रिल २०१२ मध्ये बोर्ड ऑफ इमिग्रेशन अपील्सने हे चूक ठरवलं. सरकारने आधी परवानगी देऊन ज्याला परत यायला सांगितलं, त्याच्या प्रवासाने ही बंदी लागू होत नाही, असा तो निर्णय. आईवडिलांना भेटायला येणाऱ्या कितीतरी लोकांना त्याने आधार दिला.

माझं म्हणणं एवढंच : वेळेत निघावं म्हणून केलेल्या या कायद्याने १८१ व्या दिवसापासून माणसाला न निघण्याचं कारण दिलं. आणि हे त्याच्या जन्मातच होतं. ९० दिवसांची मूळ अट मुळी लोकांनी बाहेर जाऊ नये, आत राहून फी भरावी यासाठी होती. तोच साचा लोकांना बाहेर काढायला वापरला, तर तो उलटं काम करणारच.

ब्रिटनने २००८ मध्ये दुसरं माप निवडलं. किती दिवस राहिलात यापेक्षा निघालात कसे आणि कुणाच्या खर्चाने, यावर बंदी ठरवली. स्वखर्चाने निघालेल्याला एक वर्ष, सरकारी खर्चाने निघालेल्याला पाच, जबरदस्तीने काढलेल्याला दहा. ते माप अधिक न्याय्य ठरलं का, आणि सुरुवातीला दिलेली २८ दिवसांची सवलत पुढे का बदलली, ते पुढच्या आठवड्यात.