डब्लिनचे वार्तापत्र : आई आणि अतिदक्षता यांच्यामधले अंतर

डब्लिनकर रोटंडा रुग्णालयाचे नाव अभिमानाने घेतात. 1745 मध्ये सुरू झालेले हे बाळंतपणाचे रुग्णालय आजही गजबजलेले असते. कूम आणि होलिस स्ट्रीट ही शहरातली अशीच आणखी दोन. तिन्हीकडे अनुभवी सुईणी आणि प्रसूतितज्ज्ञ आहेत, पण सर्व सोयींचा अतिदक्षता विभाग नाही. बाळंतीण अत्यवस्थ झाली की तिला अँब्युलन्सने मोठ्या सर्वसाधारण रुग्णालयात हलवावे लागते. होलिस स्ट्रीट रुग्णालय सेंट व्हिन्सेंट या सर्वसाधारण रुग्णालयाच्या आवारात न्यायचे 2013 मध्ये ठरले. मग जागेची मालकी कोणाची, सेंट व्हिन्सेंटमागच्या धार्मिक संस्थेचा शब्द तिथे चालणार का, यावर वाद पेटला. सरकारी मंजुरीला मे 2022 उजाडला.

पण अतिदक्षता विभाग हाकेच्या अंतरावर असूनही आई दगावते, हे आयर्लंडला बेळगावच्या एका लेकीच्या मृत्यूने दाखवले. ऑक्टोबर 2012 मध्ये सविता हलप्पनवार गॉलवेच्या विद्यापीठ रुग्णालयात दाखल झाल्या. वय 31, गरोदरपणाचा सतरावा आठवडा. गर्भ वाचणार नव्हता. त्यांनी गर्भपात मागितला; गर्भाचे ठोके चालू आहेत म्हणून तो नाकारला गेला. जंतुसंसर्ग रक्तात पसरला. त्याच रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात त्यांना नेले तेव्हा फार उशीर झाला होता. 28 ऑक्टोबरला त्या गेल्या. त्यांना वाचवण्याच्या 13 संधी हुकल्या, असे सरकारी देखरेख संस्थेच्या चौकशीत निघाले.

तरुण गरोदर शरीर आजार बराच वेळ पेलते आणि मग एकाएकी कोसळते. म्हणून 2013 पासून इथे प्रसूती विभागांत एकच तक्ता वापरतात. नाडी, श्वास, ताप, रक्तदाब त्यावर नोंदवायचे. एक नोंद गुलाबी पट्ट्यात किंवा दोन पिवळ्या पट्ट्यात गेल्या की डॉक्टरला बोलवायचे. मरणाच्या दारातून परतलेल्या मातांची नोंद कॉर्कचे एक केंद्र ठेवते. त्यांत अतिरक्तस्रावाच्या माता सर्वाधिक असतात.

25 मे 2018 च्या सार्वमतात 66.4 टक्के मतदारांनी सवितांच्या आड आलेली गर्भपातावरची घटनात्मक बंदी उठवली. होलिस स्ट्रीटचे नवे रुग्णालय व्हायलाच हवे. पण तक्त्यावर खूण दिसताच डॉक्टर आला पाहिजे, आणि त्याचे हात कायद्याने बांधलेले नसावेत. अत्यवस्थ आईसाठी अतिदक्षता तिथूनच सुरू होते.