लॉन ट्रॅक्टर की गार्डन ट्रॅक्टर?

*अमेरिकी घरांच्या आवारात दिसणारी यंत्रं*

• रायडिंग मोअर: लहान आवार, इंजिन बहुधा मागे, कापणीची रुंदी सुमारे ३० इंच.

• लॉन ट्रॅक्टर: इंजिन पुढे, रुंदी साधारण ४२ ते ४८ इंच. गवत कापणं, हलकी ट्रॉली ओढणं.

• गार्डन ट्रॅक्टर: सांगाडा, मागचा आस आणि गिअरबॉक्स दणकट. नांगर, रोटाव्हेटर जोडता येतो.

• हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशन: क्लच न दाबता वेग कमी-जास्त.

• उतार: अनेक उत्पादकांची मर्यादा १५ अंश. वर-खाली चालवायचं, आडवं नाही.

• सुरक्षा: पातं फिरत असताना चालक सीटवरून उठला, की इंजिन बंद.

• १८३०: इंग्लंडमध्ये एडविन बडिंग यांना गवत कापण्याच्या यंत्राचं पेटंट.

• १९६३: जॉन डिअर कंपनीचा पहिला लॉन-गार्डन ट्रॅक्टर, मॉडेल ११०.

• आवाराचं मोजमाप: १ एकर = ४० गुंठे = ४३,५६० चौ. फूट.