लाल ठिपक्याआधी चार आकडे

संगणकाच्या पडद्यावर पोलादी जोडाचे चित्र उमटले की नजर आधी लाल रंग शोधते. निळे म्हणजे निवांत, पिवळे म्हणजे काम चालू, लाल म्हणजे धोका, असे आपण धरून चालतो. पण बोल्ट आणि वेल्ड असलेल्या जोडात हा रंग बऱ्याचदा चकवतो. वेल्डच्या कडेचा लाल ठिपका नुसत्या जाळीमुळे उमटलेला असू शकतो. उलट ज्या चुकीपायी जोड खरोखर तुटेल, ती मॉडेलमध्ये निळ्या रंगाखाली झाकलेली राहते. म्हणून फायनाइट एलिमेंट पद्धतीने जोड कसा तपासायचा हे एका साध्या उदाहरणावर, टप्प्याटप्प्याने पाहू.

उदाहरण असे. ३०० मिमी खोलीचा आय आकाराचा बीम आहे. त्याची फ्लँज १४० मिमी रुंद आणि साधारण १३ मिमी जाड. बीमच्या टोकाला १६ मिमी जाडीची एंड प्लेट फिलेट वेल्डने जोडली आहे आणि ती प्लेट ८.८ ग्रेडच्या आठ एम २० बोल्टांनी कॉलमच्या फ्लँजवर आवळली आहे. चार बोल्ट वरच्या फ्लँजच्या आजूबाजूला, चार खालच्या. जोडावर ८० किलोन्यूटन-मीटरचा मोमेंट येतो. त्यामुळे वरची फ्लँज ओढली जाते आणि खालची दाबली जाते.

आधी पेन्सिल

सॉफ्टवेअर उघडण्यापूर्वी बळाची वाट कागदावर काढावी. मोमेंटला दोन फ्लँजच्या मध्यांमधल्या अंतराने, म्हणजे २८७ मिमीने, भागले की फ्लँजमधली ओढ मिळते: सुमारे २७९ किलोन्यूटन. ती चार बोल्टांत वाटली तर प्रत्येकी ७०. आयएस ८०० या पोलादी बांधकामाच्या भारतीय संहितेच्या २००७ च्या आवृत्तीप्रमाणे अशा बोल्टची ताणातली क्षमता येते १४१ किलोन्यूटन. बोल्ट पुरेसे ठरले.

आता वेल्ड. फ्लँजच्या वरून १४० आणि खालून, वेबची जाडी सोडून, १३२ अशी मिळून २७२ मिमी वेल्ड मिळते. म्हणजे दर मिलिमीटरला १.०३ किलोन्यूटन. कारखान्यात केलेल्या फिलेट वेल्डच्या गळ्यावर १८९ मेगापास्कल धरता येतात, आणि गळा असतो वेल्डच्या मापाच्या ०.७ पट. ६ मिमी वेल्ड ०.७९ किलोन्यूटन पेलते, म्हणजे अपुरी. ८ मिमी वेल्ड १.०६ पेलते, म्हणजे जेमतेम पुरी. या जोडाची दुखरी जागा वेल्ड आहे हे पाच मिनिटांत कळले, तेही एकही एलिमेंट न बनवता.

या पाच मिनिटांचे मोल कॅन्सस सिटीतल्या हयात रीजन्सी हॉटेलच्या दुर्घटनेत दिसते. तिथले दुसऱ्या आणि चौथ्या मजल्यांचे पादचारी पूल एकाखाली एक, छतापासून सळयांनी टांगलेले होते. मूळ आराखड्यात एकच अखंड सळई दोन्ही पुलांतून खाली जाणार होती. बांधताना तिच्या दोन सळया झाल्या आणि खालचा पूल वरच्या पुलाच्या बीमलाच टांगला गेला. त्या बीमखालच्या नटवर आता एका पुलाऐवजी दोन पुलांचा भार आला. दोन चॅनेल समोरासमोर वेल्ड करून बनवलेल्या त्या पेटीबीममधून नट ओढला जाऊन आरपार निघाला. १७ जुलै १९८१ च्या त्या संध्याकाळी ११४ माणसे गेली. भाराची वाट बदलली होती, आणि ती बदललेली वाट कागदावर काढून कोणी पाहिली नाही.

प्लेट: कागद की वीट

फायनाइट एलिमेंट पद्धतीची कल्पना साधी आहे. वस्तूचे छोटे तुकडे करायचे (हीच जाळी), ते नोड नावाच्या बिंदूंवर एकमेकांना जोडायचे, प्रत्येक तुकड्याचा ताठपणा समीकरणात मांडायचा आणि सगळी समीकरणे एकदम सोडवायची. विमानांच्या पंखांसाठी १९५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधातून या पद्धतीला आजचे रूप मिळाले. त्याच्या लेखकांपैकी रे क्लफ यांनी १९६० मध्ये तिला हे नाव दिले.

प्लेटसाठी दोन पर्याय असतात. शेल एलिमेंट म्हणजे जाडी आकड्यात लिहिलेला कागद. तो प्लेटच्या मध्यपातळीवर बसतो, वाकणे चांगले दाखवतो आणि गणित हलके ठेवतो. सॉलिड एलिमेंट म्हणजे वीट. तिच्यात खरी जाडी, भोक आणि बोल्टचे डोके जसेच्या तसे दिसते, पण खर्च वाढतो. विटा वापरताना जाडीत एकच थर घातला तर साध्या विटा वाकायला नकार देतात आणि प्लेट आहे त्यापेक्षा ताठ भासते. जाडीत तीन-चार थर घालावेत किंवा वरच्या दर्जाच्या विटा घ्याव्यात.

पोलाद फक्त लवचिक धरूनही चालत नाही. २ लाख मेगापास्कलचा लवचिकता गुणांक द्यायचा, २५० मेगापास्कलला पोलाद नमेल असे सांगायचे आणि त्यानंतर अगदी थोडा चढ ठेवायचा. नमलेला भाग शेजाऱ्याकडे बळ सरकवतो. खरा जोडही असाच जगतो.

स्पर्श: दाबता येते, ओढता येत नाही

सर्वांत जास्त मॉडेल इथे बिघडतात. एंड प्लेट आणि कॉलमची फ्लँज एकमेकींना टेकलेल्या आहेत, चिकटलेल्या नाहीत. त्या एकमेकींना दाबू शकतात. ओढले की त्यांच्यात फट पडते. घाईत त्यांचे नोड एकत्र केले, तर सगळी ओढ प्लेटमधून प्लेटमध्ये जाते आणि बोल्ट रिकामे बसतात. चित्र छान निळे येते आणि जोड मजबूत वाटतो. बोल्टचे आकडे वाचले की मगच भांडे फुटते: ७० च्या जागी ५ किलोन्यूटन.

म्हणून दोन्ही पृष्ठांमध्ये स्पर्शाची अट घालावी लागते. फट असेल तर बळ शून्य, टेकले तर दाब, आणि सरकू लागले तर घर्षण. घर्षणाचा गुणांक आयएस ८०० मध्ये पृष्ठभागानुसार दिला आहे: प्रक्रिया न केलेल्या पृष्ठभागाला ०.२, तर गंज काढून ग्रिट ब्लास्टिंग केलेल्याला ०.५. रंगकाम आधी झाले की नंतर, हे फॅब्रिकेटरला विचारूनच आकडा निवडावा.

बोल्ट: आधी आवळा, मग भार टाका

बोल्ट तीन प्रकारे दाखवता येतो. सर्वांत हलका प्रकार म्हणजे एक स्प्रिंग. त्यापुढचा म्हणजे बीम एलिमेंट, ज्याची टोके भोकाच्या कडेला कोळ्याच्या पायांसारख्या दुव्यांनी बांधलेली असतात. तिसरा म्हणजे दांडा, डोके आणि नट यांसह पूर्ण सॉलिड बोल्ट. रोजच्या कामाला दुसरा प्रकार पुरतो. भोकाच्या काठावर प्लेट कशी चिरडते हे पाहायचे असेल तरच तिसऱ्याकडे जावे. एम २० साठी भोक २२ मिमीचे असते हेही विसरू नये. नुसत्या घट्ट केलेल्या बोल्टवर आडवे बळ आले, की जोड आधी थोडा सरकतो आणि मग दांडा भोकाला टेकतो.

बोल्ट घर्षणावर काम करणारा असेल तर त्याला आधी आवळावे लागते. एम २० च्या ताणासाठी मोजल्या जाणाऱ्या २४५ चौरस मिलिमीटर क्षेत्रावर अंतिम ताकदीच्या ७० टक्के घेतले की १३७ किलोन्यूटनचा पूर्वताण येतो. मॉडेलमध्ये ही पहिली पायरी. मग बोल्टची लांबी त्याच अवस्थेत गोठवायची आणि दुसऱ्या पायरीत मोमेंट हळूहळू वाढवायचा.

इथे नवख्याला एक आकडा दचकवतो. बाहेरून ७० ची ओढ आली, तरी बोल्टचे बळ १३७ वरून २०७ होत नाही. ते थोडेसेच वाढते, कारण आवळलेल्या प्लेटा आपला दाब सैल करून बहुतेक ओढ पचवतात. प्लेटा सुटेपर्यंत हे चालते. त्यामुळे पूर्वताण धरून वाचलेला आकडा १४१ शी ताडून घाबरायचे कारण नाही. आयएस ८०० मध्ये तुलना बाहेरून आलेल्या ओढीची असते.

मात्र त्या ओढीत एक छुपी भर पडते. प्लेट पातळ असेल तर ती बोल्टपाशी वाकते, तिची बाहेरची कड कॉलमवर टेकते आणि पहारेने खिळा उचकटावा तशी ती बोल्टला आणखी ओढते. ही भर पाहायची सोपी रीत आहे. तेच मॉडेल पूर्वताण न घालता एकदा चालवायचे आणि बोल्टच्या आकड्यातून ७० वजा करायचे. उरते ते पहारेचे बळ. १६ ऐवजी १० मिमीची प्लेट घालून पाहिली की ते कसे फुगते हे डोळ्यांना दिसते. हाताच्या सूत्रांपेक्षा मॉडेल इथे अधिक सांगते.

वेल्ड: लाल ठिपक्याचे घर

फिलेट वेल्ड म्हणजे दोन प्लेटांच्या कोपऱ्यात भरलेला त्रिकोण. बीमच्या फ्लँजचे टोक एंड प्लेटला नुसते टेकलेले असते. त्या टोकाखालचे नोड जोडून टाकले, तर वेल्डला वगळून बळ थेट पलीकडे जाते आणि ८ मिमी काय, ३ मिमी वेल्डही सुरक्षित दिसते. त्या टोकाशी फट किंवा स्पर्श ठेवावा आणि ओढ फक्त वेल्डमधूनच जाऊ द्यावी.

आता लाल ठिपका. वेल्ड जिथे प्लेटला मिळते तिथे आत वळलेला तीक्ष्ण कोपरा तयार होतो. लवचिक गणितात अशा कोपऱ्यात प्रतिबल अमर्याद असते. जाळी १० मिमीची केली तर एक आकडा येतो, ५ ची केली तर त्याहून मोठा, २.५ ची केली तर आणखी मोठा. जाळी बारीक करत गेल्यावर उत्तर एका जागी स्थिरावायला हवे. इथे ते पळतच सुटते, म्हणून हा आकडा क्षमतेशी ताडू नये. त्याऐवजी वेल्डच्या रेषेवर दर मिलिमीटरला किती बळ जाते ते वाचावे. जाळी बदलली तरी हा आकडा फारसा हलत नाही. वारंवार येणाऱ्या भाराने वेल्ड थकणार असेल, तर प्लेटच्या जाडीच्या ०.४ आणि १ पट अंतरावरचे प्रतिबल वाचून ते वेल्डच्या कडेपर्यंत सरळ रेषेत वाढवतात.

आपल्या उदाहरणात ही रेषा वाचली की एक गोष्ट नजरेत भरते. बळ २७२ मिमीवर सारखे पसरत नाही. कॉलमची फ्लँज वेबसमोर ताठ असते आणि कडांशी वाकते, म्हणून मधल्या भागावर जास्त ओढ येते. १.०३ ही सरासरी होती. मधे ओढ १.०६ ओलांडणार हे उघड आहे. उपाय दोन: वेल्ड १० मिमीची करायची, किंवा कॉलममध्ये बीमच्या फ्लँजच्या रेषेत स्टिफनर घालून बळ पसरवायचे.

वाचण्याचा क्रम

गणित सुटले की आधी आकारातला बदल ५० पट मोठा करून पाहावा. प्लेटा अपेक्षित ठिकाणी उघडल्या का, एकमेकींत घुसल्या का? मग आधारांवरच्या बळांची बेरीज टाकलेल्या भाराइतकी आहे का ते तपासावे. त्यानंतर बोल्टचे बळ, वेल्डचे बळ, आणि मग पोलाद कायमचे किती ताणले गेले ते. युरोपीय संहिता प्लेटसाठी ५ टक्के विकृतीची मर्यादा सुचवते. जाळी अर्धी करून हे सगळे पुन्हा वाचावे. रंग सर्वांत शेवटी.

एवढे करूनही मॉडेलमधली वेल्ड निर्दोष असते हे लक्षात ठेवावे. १७ जानेवारी १९९४ ला लॉस एंजलिसजवळ नॉर्थरिज इथे भूकंप झाला. नंतर पोलादी इमारतींच्या बीम-कॉलम जोडांत वेल्डपाशी चिरा आढळल्या. वेल्डखाली तशीच राहिलेली बॅकिंग पट्टी, तिच्या मुळाशी असलेली खाच आणि कमी चिवट वेल्डधातू यांचा त्यात मोठा हात होता. अशी खाच मॉडेलमध्ये कोणी मुद्दाम घातल्याशिवाय येत नाही. ती अल्ट्रासोनिक तपासणीत, नाहीतर वेल्डरच्या हाताशी उभे राहून दिसते.

म्हणून अशा जोडाच्या फाइलमध्ये पहिल्या पानावर बळाच्या वाटेचे रेखाटन असावे आणि त्याखाली हाताने काढलेले चार आकडे: २७९, ७०, १.०३, १.०६. शेजारच्या रकान्यात मॉडेलने दिलेले आकडे. दोहोंत जिथे फरक पडला, तिथे का पडला याची एक ओळ. तपासणारा आधी ती ओळ वाचेल. रंगीत चित्रे मागच्या पानांवर लावली तरी चालतील.