जुन्या विमानातून सफर

वारणानगरच्या आकाशातून कधी कधी जेट विमान जाते. ते सुमारे दहा किलोमीटर उंचीवर असते. खालून ते इवलेसे दिसते आणि वरून प्रवाशांना आपले गावही ओळखू येत नाही. पूर्वीची पंख्याची विमाने मात्र बरीच खालून उडत. म्हणूनच काही देशांत लोक तिकीट काढून अशा जुन्या विमानातून हवाई सफर करतात.

डाकोटा हे असेच एक नामांकित विमान. ते १७ डिसेंबर १९३५ रोजी अमेरिकेत प्रथम उडाले. त्याला दोन इंजिने असतात. प्रत्येक इंजिनाला एक मोठा पंखा असतो. पंखा फिरतो, हवा मागे लोटतो आणि विमान पुढे जाते. डाकोटाचे एक चाक शेपटीखाली असते. त्यामुळे जमिनीवर त्याचे नाक वर असते आणि प्रवाशांना चढण चढून आपल्या जागेवर जावे लागते.

डाकोटा खालून का उडे? वर जावे तसतशी हवा विरळ होते व श्वास घेणे कठीण जाते. जेट विमानात हवेचा दाब यंत्राने राखतात. डाकोटात ही सोय नव्हती. म्हणून ते साधारणपणे तीन किलोमीटरच्या आत उडे.

समजा, अशा विमानात आपण कोल्हापूरला बसलो. तेथील विमानतळ १९३९ साली सुरू झाला. ताशी तीनशे किलोमीटर वेगाने वारणानगर पाचसहा मिनिटांत येईल. डावीकडे जोतिबाचा डोंगर आणि पन्हाळा दिसेल. मग उसाचे हिरवे मळे, साखर कारखाना आणि वळणे घेत जाणारी वारणा नदी दिसेल.

आणखी खालून गेलो, तर आणखी छान दिसेल का? दिसेल, पण त्यात धोका आहे. डोंगरावर आदळलेला वारा एका बाजूने वर चढतो व दुसऱ्या बाजूने खाली उतरतो. उतरणारा वारा विमानालाही खाली ओढतो. विमान पुरेशा उंचीवर असेल, तरच वैमानिकाला ते सावरायला वेळ मिळतो.

स्वित्झर्लंडमध्ये युंकर्स नावाची तीन इंजिनांची जुनी विमाने प्रवाशांना आल्प्स पर्वत दाखवीत. त्यांतले १९३९ साली बनलेले एक विमान ४ ऑगस्ट २०१८ रोजी डोंगरात कोसळले. त्यातील वीसही जण मरण पावले. वैमानिक अनुभवी होते. पण अरुंद दरीतून ते फार खालून गेले, असे चौकशीत आढळले. त्यानंतर तेथे या विमानांतून प्रवासी नेण्यास बंदी झाली.

आपल्या वायुसेनेजवळही एक जुना डाकोटा आहे. त्याचे नाव परशुराम. इंग्लंडमध्ये दुरुस्त होऊन २०१८ साली तो उडतच भारतात आला. त्यातून सहली निघत नाहीत. प्रत्येक उड्डाणापूर्वी त्याची इंजिने, पंखे आणि चाके बारकाईने तपासावी लागतात. अशी काळजी घेतली, तरच जुने विमान सुखरूप उडते.